देवाला काय शोभतं?
ग्रीक तत्त्वज्ञान आणि आरंभीच्या ख्रिस्ती ईश्वरकल्पना



एखाद्याच्या स्मरणार्थ तासभर एकत्र बसून विचार करायचा, ही आपल्याकडची रीत मला फार मोलाची वाटते. त्या रीतीचा मान राखायचा तर विषयही तसाच हवा. म्हणून आज एक जुना आणि अवघड प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. देवाला काय शोभतं?

देव आहे की नाही, यावर आपण पुष्कळ वाद ऐकतो. माझा प्रश्न निराळा आहे. देव आहे असं मानलं, तर त्याच्याविषयी काय बोलणं योग्य आणि काय अयोग्य? देव रागावतो असं म्हणावं का? त्याला पश्चात्ताप होतो असं म्हणावं का? तो बदलतो का? त्याला वेदना होतात का? तो मरू शकतो का?

इसवी सनाच्या पहिल्या चार शतकांत भूमध्य समुद्राभोवतीच्या शहरांमध्ये या प्रश्नांनी माणसांची झोप उडवली होती. एका बाजूला ग्रीक तत्त्वज्ञानाची कित्येक शतकांची शिस्त उभी होती. दुसऱ्या बाजूला क्रूसावर मारल्या गेलेल्या एका यहुदी गुरूवरची श्रद्धा होती. या दोहोंची गाठ पडली आणि तिच्यातून ख्रिस्ती धर्माची ईश्वरकल्पना घडत गेली.

आज मी तीन मुद्दे मांडणार आहे. ग्रीकांनी कोणती कसोटी घडवली, हा पहिला. ती कसोटी ख्रिस्ती विचारात कोणत्या वाटेने आली, हा दुसरा. आणि तिथे आल्यावर तिचं काय झालं, हा तिसरा. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तो तपासत बसता येईल. कसोटी अथेन्सची होती. उत्तर मात्र येशूच्या गालीलातून आलं.

पहिला मुद्दा. ग्रीकांची कसोटी.

ही गोष्ट अथेन्सच्याही आधी, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोलोफोन या नगरातून सुरू होते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे झेनोफनीस नावाचा कवी जन्मला. त्या काळी ग्रीक माणसाची देवांशी ओळख होई ती होमर आणि हेसिअड यांच्या काव्यांतून. त्या काव्यांतले देव काय करतात? चोरी करतात, व्यभिचार करतात, एकमेकांना फसवतात. झेनोफनीसला हे सहन होईना. त्याने विचारलं, माणसांत जे लाजिरवाणं मानलं जातं ते देवांच्या नावावर आपण कसं मांडतो? इथिओपियातल्या लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे. बैलांना आणि घोड्यांना चित्रं काढता आली असती, तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते, असं त्याने म्हटलं. मग त्याने आपला देव सांगितला. सगळ्यांत थोर असा एकच देव. तो रूपाने माणसासारखा नाही, विचारानेही नाही. तो समग्रपणे पाहतो, समग्रपणे जाणतो, आणि श्रमाविना केवळ मनाने सगळं हलवतो. तो कधी इथे कधी तिथे धावत नाही, कारण तसं धावणं त्याला शोभत नाही.

श्रोतेहो, ‘शोभत नाही’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढची आठ-नऊशे वर्षं या दोन शब्दांभोवती फिरणार आहेत. देवाविषयीची कथा कितीही जुनी असो, कितीही लाडकी असो, ती देवाला शोभते का, हे विचारण्याचा हक्क माणसाच्या बुद्धीला आहे. झेनोफनीसची देणगी ती ही.

प्लेटोने त्या हक्काचे नियम केले. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात तो आदर्श नगरातल्या कवींसाठी दोन नियम घालून देतो. देव चांगला आहे, म्हणून वाईटाचं कारण त्याच्याकडे लावायचं नाही, हा एक. देव रूपं बदलत नाही आणि फसवत नाही, हा दुसरा. देव का बदलत नाही? प्लेटोचा युक्तिवाद साधा आणि भेदक आहे. जे परिपूर्ण आहे ते बदललं, तर बदलून काय होणार? त्याहून चांगलं होऊच शकत नाही. म्हणजे बदल झाला तर तो उणेपणाकडेच. आणि स्वतःहून उणं कोण होईल? हा युक्तिवाद नीट मनात ठेवा. पाचशे वर्षांनी हाच ख्रिस्ती माणसांच्या समोर आव्हान म्हणून उभा राहणार आहे.

‘टिमियस’मध्ये प्लेटो विश्वाच्या कर्त्याविषयी बोलतो. हा कर्ता चांगला आहे, त्याला मत्सर नाही, म्हणून तो अस्ताव्यस्त द्रव्याला सुंदर व्यवस्था देतो. पण त्याला शोधणं कठीण, आणि शोधल्यावर सगळ्यांना सांगणं तर अशक्य, असंही प्लेटो बजावतो. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल आणखी पुढे गेला. ‘मेटाफिजिक्स’च्या बाराव्या भागात त्याने असा देव सांगितला की जो स्वतः अचल राहून सगळ्याला गती देतो. कशी? प्रिय व्यक्ती प्रेम करणाऱ्याला ओढून घेते तशी. तो देव अखंड चिंतनात आहे, आणि त्याच्या चिंतनाचा विषयही तो स्वतःच आहे. तिकडे अथेन्सच्या बाजारपेठेतल्या रंगीत मंडपात शिकवणारे स्टोइक म्हणत होते की देव दूर नाहीच. तो साऱ्या विश्वात भरून राहिलेला विवेक आहे. या विश्वविवेकाला त्यांचा शब्द होता लोगोस. तो हेराक्लिटसपासून चालत आलेला.

तेव्हा बेरीज काय झाली? देव एक, चांगला, अविकारी, वेदनांच्या पलीकडचा, बुद्धीने जवळ जाण्याजोगा पण शब्दांत न मावणारा. आपल्याकडे निर्गुणाची चर्चा ऐकलेल्या श्रोत्याला हा सूर परका वाटणार नाही. पण एक प्रश्न उरतोच. ॲरिस्टॉटलचा देव तुमची हाक ऐकतो का? रात्री आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईने त्याला काय म्हणावं? त्या देवाला सगळे ओढले जातात, तो कुणाकडे वळत नाही. ग्रीक देवकल्पनेची उंची जिथे आहे, तिथेच तिची थंडीही आहे.

आता दुसरा मुद्दा. ही कसोटी ख्रिस्ती विचारात आली कुठून?

ती आली अलेक्झांड्रियातून, आणि ती आणली एका यहुदी परंपरेने. अलेक्झांड्रियात फार मोठी यहुदी वस्ती होती. तिथल्या यहुद्यांची रोजची भाषा ग्रीक. म्हणून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये येऊ लागली. निर्गमाच्या पुस्तकात जळत्या झुडपातून देव मोशेला आपली ओळख देतो. हिब्रूत ती ओळख वचनासारखी आहे, मी तुमच्याबरोबर असेन या अंगाची. ग्रीकमध्ये आल्यावर देव ‘जो आहे तो’ ठरला. प्लेटो वाचलेल्या माणसाला वाटणारच की मोशे आणि प्लेटो एकाच शाश्वत सत्तेविषयी बोलत आहेत.

हे ज्याला सर्वांत तीव्रतेने वाटलं तो फायलो. येशूचा समकालीन, अलेक्झांड्रियाचा यहुदी. इसवी सन ३८ मध्ये शहरात यहुद्यांवर भीषण हल्ले झाले, तेव्हा आपल्या समाजाची बाजू घेऊन सम्राट कॅलिग्युलासमोर जे शिष्टमंडळ गेलं त्याचा तो प्रमुख होता. या माणसासमोर पेच कोणता होता, पाहा. उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयापूर्वी असं येतं की माणूस निर्माण केल्याचा देवाला खेद झाला. देवाला खेद? मग तो बदलला की! फायलोने या एका प्रश्नावर ग्रंथ लिहिला. देव अविकारी आहे, हे त्याचं सूत्र. राग, खेद, हात, मुख ही सगळी भाषा माणसाला समजावी म्हणून आहे, ती अक्षरशः घ्यायची नाही, असं त्याने सांगितलं. आणि इतका पलीकडचा देव जगाशी नातं कसं जोडतो? लोगोसद्वारे, असं त्याचं उत्तर. फायलोची पुस्तकं आज आपल्या हाती आहेत ती ख्रिस्ती लोकांनी जपली म्हणून. त्यांना या पुस्तकांची गरज होती.

का होती, हे प्रेषित पौलाच्या कथेत दिसतं. पौल अथेन्सला आला तेव्हा त्याची गाठ स्टोइक आणि एपिक्युरियन तत्त्वज्ञांशी पडली, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं. अरियोपागावर उभा राहून तो काय करतो? अज्ञात देवाला वाहिलेल्या वेदीचा उल्लेख करतो आणि ग्रीक कवीचाच आधार घेतो. तो कवी अराटस, किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच प्रांतातला. देव हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, त्याला कशाची उणीव नाही, या बोलण्याला अथेन्सच्या तत्त्वज्ञांनी मान डोलावली असेल. पण पौल मेलेल्या माणसाच्या पुनरुत्थानावर आला आणि काहींनी थट्टा केली. त्या एका प्रसंगात पुढची चार शतकं आधीच दिसतात. किती अंतर बरोबर चालता येतं, आणि वाटा कुठे फुटतात, दोन्ही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभही तसाच. पहिल्या ओळींत लोगोस आहे, तो आरंभापासून देवापाशी आहे, त्याच्याद्वारे सगळं झालं आहे. स्टोइकाने ऐकावं, फायलोच्या शिष्याने ऐकावं, दोघांनी हो म्हणावं. आणि थोड्याच ओळींनंतर हा लोगोस देह धारण करतो, माणसांत वस्ती करतो. इथे ऐकणारा दचकतो. दचकायलाच हवं.

दुसऱ्या शतकात हा धागा जस्टिनने उचलला. आजच्या नाब्लुसचा हा माणूस. सत्य शोधत तो स्टोइकांकडे गेला, ॲरिस्टॉटलच्या अनुयायाकडे गेला, पायथागोरसपंथीयाकडे गेला, प्लेटोच्या पंथात रमला, आणि शेवटी ख्रिस्ती झाला. पण ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. त्याचं म्हणणं होतं की लोगोसची बीजं सगळ्या माणसांत पेरलेली आहेत. सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस लोगोसनुसार जगले, म्हणून तेही ख्रिस्ताचेच. केवढं धाडस आहे हे! छळ सोसणारा एक लहानसा पंथ, आणि त्यातला एक जण म्हणतो की जगात जिथे जिथे सत्य बोललं गेलं ते आमचं आहे. इसवी सन १६५ च्या सुमारास रोममध्ये त्याला मृत्युदंड मिळाला. तो देणारा नगराधिकारी होता जुनियस रुस्टिकस, सम्राट मार्कस ऑरेलियसचा स्टोइक गुरू. लोगोसवर निष्ठा ठेवणाऱ्या एका तत्त्वज्ञाने लोगोसवर निष्ठा ठेवणाऱ्या दुसऱ्याला मृत्यूकडे पाठवलं. विचार जवळचे असले म्हणून माणसं जवळ येतातच असं नाही, हे इतिहास आपल्याला शिकवतो.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट. अलेक्झांड्रियातला ख्रिस्ती गुरू पँटीनस मुळात स्टोइक होता, आणि तो हिंदुस्थानात जाऊन आला, असं चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो. पँटीनसचा शिष्य क्लेमेंट. क्लेमेंटच्या ग्रंथात ब्राह्मण आणि श्रमण यांचा उल्लेख आहे, बुद्धाचं नावही आहे. समुद्रमार्गाने आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं ते शहर होतं. या क्लेमेंटने सांगितलं की यहुद्यांना जसं नियमशास्त्र मिळालं तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान मिळालं, दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे गुरू. 

सगळ्यांना हे पटलं का? मुळीच नाही. कार्थेजच्या टर्टुलियनने तडकून विचारलं की अथेन्सचा आणि यरुशलेमचा संबंधच काय. हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे, कारण श्रद्धेचं तत्त्वज्ञान होताना श्रद्धाच हरवेल ही भीती खोटी नाही. पण टर्टुलियनचे ग्रंथ उघडा. देवालाही एक प्रकारचं शरीर आहे, हा स्टोइक विचार तिथे आहे. ख्रिस्ती त्रैक्यासाठीची लॅटिन परिभाषा घडवणाराही तोच. अथेन्सला नकार देण्यासाठीसुद्धा त्याला अथेन्सची हत्यारं लागली. ज्या जगात आपण विचार करायला शिकतो ते जग आपल्या नकारातही राहतं.

आणि आता तिसरा मुद्दा, सर्वांत महत्त्वाचा. कसोटी आली, पण तिचं झालं काय?

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस केल्सस नावाच्या प्लेटोपंथी विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर सर्वांगीण टीका लिहिली. त्याचा मुख्य वार कोणता? तुम्ही ओळखला असेल. देव खाली आला असं हे लोक म्हणतात. खाली येणं म्हणजे बदलणं. परिपूर्ण बदलला तर तो उणाच होणार. सुंदरातून कुरूपात, सुखातून दुःखात. असा बदल देव कधी पत्करील का? हे देवाला शोभतं का? प्लेटोचाच युक्तिवाद, नेमका क्रूसावर रोखलेला.

साठ-सत्तर वर्षांनी अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने आठ भागांचं उत्तर लिहिलं. केल्ससचं पुस्तक नष्ट झालं. ते आपल्याला कळतं ते ओरिजेनने वाद घालताना त्याचे उतारे दिले म्हणून. विरोधकाचं म्हणणं पूर्ण मांडून मग उत्तर द्यायचं, ही सभ्यता त्याने पाळली. आधी तो ग्रीक चौकटीतच बोलतो. देव स्वभावाने अविकारीच राहतो; वैद्य रोग्याच्या जखमेला हात लावतो म्हणून स्वतः रोगी होत नाही. पण हाच ओरिजेन यहेज्केलवरच्या एका प्रवचनात म्हणतो की पित्यालाही करुणेची वेदना आहे, तो अगदीच भावनांच्या पलीकडे नाही. एकाच माणसाच्या मनात दोन्ही सूर! मला यात गोंधळ दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. वाद घालताना तो प्लेटोचा शिष्य होता. शास्त्र उघडून लोकांसमोर उभा राहिला तेव्हा त्याला रडणारा देव दिसला. या माणसाने पुढे सम्राट डेशियसच्या काळात स्वतः तुरुंगात यातना सोसल्या, हेही आपण ध्यानात घेऊ.

चौथ्या शतकात वाद पेटला. अलेक्झांड्रियातला धर्मगुरू एरियस म्हणाला की पिता हा एकटाच अजन्मा. पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. एरियसला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्याची तळमळ काय होती? देवाचं एकत्व आणि अविकारीपण जपायचं, जन्म आणि वेदना यांचा स्पर्श त्याला होऊ द्यायचा नाही. म्हणजे कसोटी तीच, देवाला काय शोभतं. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे बिशपांची सभा बोलावली. २०२५ मध्ये त्या सभेला १७०० वर्षं पूर्ण झाली. सभेने ठरवलं की पुत्र आणि पिता एकाच सत्त्वाचे आहेत. या ‘एकसत्त्व’साठी वापरलेला ग्रीक शब्द शास्त्रात कुठेच नव्हता, तो तत्त्वचर्चेच्या परिभाषेतला होता. अनेकांनी त्यावर हरकत घेतली.

आता थांबून विचार करू. ग्रीक शब्द वापरून सभेने काय केलं? त्या शब्दाने ग्रीक कल्पना जिंकली का? मला नेमकं उलट दिसतं. जो भुकेला झाला, थकला, रडला, क्रूसावर मेला, तोच पूर्णपणे देव आहे, असं त्या तांत्रिक शब्दाने जाहीर केलं. प्लेटोच्या भाषेत प्लेटोला न पटणारं विधान! बिशप अथनेशियस यासाठी पाच वेळा हद्दपार झाला. त्याचा मुद्दा सोपा होता. आपल्यापर्यंत आलेला जर स्वतः देव नसेल, तर आपण देवापर्यंत पोचलोच नाही.

आणि मग निसाचा ग्रेगरी. कापादोक्यातल्या एका विलक्षण घरातला. थोरला भाऊ बेसिल अथेन्सला शिकलेला, थोरली बहीण मॅक्रिना. ही बहीण मृत्युशय्येवर असताना ग्रेगरीने तिच्याशी झालेला संवाद लिहिला आहे. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस मरणाच्या दारात शिष्यांना आत्म्याविषयी शिकवतो; इथे सॉक्रेटिसच्या जागी मॅक्रिना आहे. चौथ्या शतकातली एक बाई सॉक्रेटिसच्या आसनावर, आणि बिशप असलेला भाऊ तिच्यासमोर शिष्य.

या ग्रेगरीने केल्ससच्या प्रश्नाला माझ्या मते खरं उत्तर दिलं. देवाला हीन अवस्थेत येणं शोभत नाही, असं तुम्ही म्हणता? ग्रेगरी म्हणतो, आकाश, तारे, विश्वाची व्यवस्था यांतून देवाचं सामर्थ्य दिसतं खरं, पण ते तर त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. ज्योत वर जाते याचं कुणाला नवल? तीच ज्योत खाली वाहू लागली आणि तरी ज्योतच राहिली, तर ते नवल. देव आपली थोरवी न सांडता आपल्या हीनतेपर्यंत उतरतो, यात त्याच्या सामर्थ्याची परिसीमा आहे. म्हणजे ग्रेगरीने कसोटी फेकून दिली नाही. ती पूर्ण मान्य केली आणि म्हटलं, होय, देवाला शोभेल तेच बोलू. आणि देवाला सर्वांत शोभते ती करुणा.

याच रीतीने आणखी दोन ठिकाणी ग्रीक चौकट बदलली. प्लेटोचा कर्ता आधीच असलेल्या द्रव्याला आकार देतो. जस्टिनलाही ते चालत होतं. पण पुढच्याच पिढीत अँटिओकचा थिओफिलस आणि इरेनियस या ख्रिस्ती लेखकांनी आग्रहाने सांगितलं की देवाने शून्यातून निर्माण केलं. त्यामुळे द्रव्य हा देवाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, आणि शरीर ही तुच्छ वस्तू उरली नाही. दुसरं, ॲरिस्टॉटलला अनंत म्हणजे अपुरं वाटे. परिपूर्ण ते सीमित, आकारबद्ध. प्लेटोपंथी प्लोटिनसने तिसऱ्या शतकात सगळ्याचं मूळ असलेल्या ‘एका’च्या अमर्याद शक्तीविषयी बोलायला सुरुवात केली होती. ग्रेगरीने अनंतत्व थेट देवाच्या स्वरूपात ठेवलं. मग देवाकडची वाटचालही अनंत झाली. मोशेच्या चरित्रावर लिहिताना तो सांगतो की अशी वाटचाल कधी न संपणं हीच माणसाची पूर्णता. बदल म्हणजे उणेपणा, ही प्लेटोची अट माणसापुरती तरी इथे सुटली. वाढत राहणं हा दोष न राहता भाग्य झालं.

या सगळ्याचा सारांश ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये करून ठेवला आहे. इसवी सन ३८६ च्या सुमारास मिलानमध्ये प्लेटोपंथीयांची लॅटिनमध्ये आलेली पुस्तकं त्याच्या हाती पडली. देव शरीररूप नाही, हे त्याला त्या पुस्तकांनी पटवलं. तो म्हणतो की लोगोस देवापाशी होता हे तिथे सापडलं. लोगोस देहधारी झाला हे तिथे सापडलं नाही. किती प्रामाणिक हिशेब आहे हा! काय घेतलं तेही सांगितलं, काय तिथे नव्हतं तेही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप आहेत. बर्लिनचा थोर इतिहासकार हार्नाक म्हणत असे की ख्रिस्ती सिद्धान्त म्हणजे शुभवर्तमानाच्या भूमीवर ग्रीक बुद्धीने केलेली रचना. येशूची साधी शिकवण तिच्याखाली झाकली गेली. त्याआधी १६५४ मध्ये पास्कालने एका रात्रीच्या अनुभवानंतर लिहून ठेवलं की आपला देव अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा, तत्त्वज्ञांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, मृत्यूनंतर सापडला. या दोघांना मी हलकं लेखणार नाही. सिद्धान्ताच्या काटेकोर भाषेत गालीलातली माती कधीकधी खरोखरच हरवली. आणि काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या धर्माने ग्रीक तत्त्वज्ञानाकडून इतकं घेतलं, त्याच्याच अनुयायांच्या जमावाने ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात हायपेशियासारख्या विदुषीची हत्या केली. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं. ऋण घेऊन धनकोलाच घराबाहेर काढण्याचा हा प्रकार. त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

तरीही हार्नाकला माझं उत्तर असं आहे. ग्रीक प्रश्न विचारले गेले नसते, तर क्रूसाचा अर्थ इतक्या खोलवर कुणी शोधला असता का? केल्ससने टोकाचा प्रश्न विचारला म्हणून ग्रेगरीला टोकाचं उत्तर सापडलं. शुभवर्तमानावर ग्रीकांचा थर चढला, हे अर्धं सत्य आहे. ग्रीक प्रश्नांच्या धगीत शुभवर्तमानाला आपलं म्हणणं काय, हे कळलं, हे उरलेलं अर्धं.

घेण्यादेण्याचा हा व्यवहार आपल्या भाषेतही घडला आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरू थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्यांत, पुराणाच्या घाटात, आपल्याच शब्दकळेत ख्रिस्ताची कथा. पोर्तुगीज सत्तेच्या दडपणाची सावली त्या काळावर आहे, ती आपण विसरणार नाही. पण मराठी परंपरेचा घाट घेतल्याशिवाय मराठी माणसाशी बोलता येणार नाही, हे त्याने ओळखलं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर सांगत की आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो. क्लेमेंटने प्लेटोला जी जागा दिली, ती टिळकांनी तुकोबांना दिली.

श्रोतेहो, या साऱ्याचा माझा निवाडा असा. आपल्या श्रद्धेची मुळं दुसऱ्याच्या जमिनीत गेलेली आहेत, हे कळल्याने श्रद्धा लहान होत नाही. परक्याचा कठीण प्रश्न टाळल्याने ती लहान होते. शेवटी तुम्हाला एकच विनंती करतो. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, कोणताही न मानणारे असा, देवाच्या नावाने जे जे सांगितलं जातं त्याला झेनोफनीसचा प्रश्न विचारा. हे देवाला शोभतं का? त्याच्या नावाने केलेला द्वेष त्याला शोभतो का? त्याच्या नावाने केलेला अपमान, त्याच्या नावाने माणसाला नाकारलेली माणुसकी त्याला शोभते का? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी एका कवीने विचारला, आणि तो विचारण्याचा अधिकार तेव्हापासून प्रत्येक माणसाचा आहे. तो अधिकार वापरा. आणि दुसऱ्याने तो तुमच्यासमोर वापरला, तर रागावू नका, ओरिजेनसारखं त्याचं म्हणणं पूर्ण मांडून मग उत्तर द्या.